चुकीची वाटणी

वकिलाच्या ऑफिसातल्या फाइली काही वर्षांनी रद्दीत जातात. किस्से जात नाहीत! ते ज्यानं ऐकले त्याच्याकडेच साचत राहतात. चार मित्र जमले, चहा आला, की कुणीतरी म्हणतोच, "परब, तुझ्या त्या ॲक्सिडेंटवाल्या वकिलाचं काहीतरी सांग ना यार!" लोकांना वाटतं, कोर्टातले किस्से म्हणजे हसायचेच असणार. पहिल्या एक-दोनांना हसतातही. मग हळूहळू एकेक जण कप खाली ठेवतो.

आधी आमची ओळख करून देतो. वडील गिरणीत होते. संप लांबला, मग गिरणीच उघडायचं नाव घेईना, आणि मी कॉलेज अर्धवट टाकून टिपणीस वकिलांकडे क्लार्क म्हणून चिकटलो. घर घाटकोपरला, ऑफिस पार्ल्यात. ऑफिस कसलं, पिठाच्या चक्कीच्या डोक्यावर दीड खोली! खाली चक्की सुरू झाली की वर टेबल थरथरायचं आणि प्रत्येक कागदावर पिठाचा पातळ थर बसायचा. एकदा जज्जसाहेबांनी आमचा अर्ज झटकला आणि विचारलं, "टिपणीस, तुमचा पक्षकार गव्हाचा की ज्वारीचा?"

टिपणीससाहेब अपघातात गेलेल्या माणसांच्या घरच्यांकडून लढायचे. समोर गाडीचा मालक, ड्रायव्हर आणि विमा कंपनीचा वकील. समोरच्यांचं म्हणणं जवळजवळ प्रत्येक केसमध्ये एकच असायचं: चूक आमची एकट्याची नाही, जो गेला त्याचीही आहे. मग त्याची किती, यावर भांडण. वीस टक्के? तीस? निम्मी? जितके टक्के त्याच्या माथ्यावर, तितकी भरपाई कमी. वर्षानुवर्षं आम्ही हेच काम केलं. मेलेल्या माणसाच्या माथ्यावरचे टक्के उतरवत बसलो.

ऑफिसात तिसरी रजनी जाधव, टायपिस्ट. तिची माणसं मूळची जालन्याकडची, ती वाढली घाटकोपरला. बोटं फास्ट, जीभ त्याहून फास्ट. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं, "हे बघ परब, इथे रडू आलं ना, तर खाली चक्कीत जाऊन उभं राहायचं. डोळ्यांत पीठ गेलं म्हणून सांगता येतं."

मला वाटलं, मस्करी करतेय!

* * *

साहेबांना अपघात समजून घ्यायला टेबल लागायचं. पंचनामा मी वाचायचा आणि ते टेबलावर रस्ता मांडायचे. दोन फुटपट्ट्या म्हणजे रस्त्याच्या कडा. स्टेपलर म्हणजे ट्रक. शाईची बाटली म्हणजे विजेचा खांब.

केस साकीनाक्याची होती. गावडे नावाचे फिटर वर्कशॉप सुटल्यावर सायकलनं घरी निघाले होते. मागून ट्रक आला. समोरचे म्हणत होते, सायकल रस्त्याच्या मधोमध होती. साहेबांनी सायकल म्हणून खोडरबर घेतलं होतं. ते इकडे-तिकडे सरकवत ते स्वतःशीच बोलत होते. "इथे असेल तर चाळीस टक्के गेले... इथे असेल तर वीस... इथपर्यंत आणता आलं तर..."

गावडेंची बायको दारात कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. चक्की चालू होती, पावलं कुठली ऐकू येणार! ती टेबलाकडे बघत होती. स्टेपलर बघितला, फुटपट्ट्या बघितल्या.

"यातले हे कुठले?" तिनं विचारलं.

साहेबांनी हात मागे घेतला. मी खोडरबराकडे बोट दाखवलं. त्या बोटाची मला आजही लाज वाटते.

तिनं खोडरबर उचललं. त्याच्यावर पीठ बसलं होतं, ते पदरानं पुसलं. आणि फुटपट्टीला अगदी चिकटवून, कडेला ठेवलं.

"हे कायम कडेनंच जायचे," म्हणाली. "मी बरोबर असले की मलापण कडेला घ्यायचे."

ती गेल्यावर साहेबांनी ते खोडरबर संध्याकाळपर्यंत कुणाला हलवू दिलं नाही. रजनीनं त्या दिवशीची सगळी पत्रं चुकांसकट पाठवली!

* * *

मुलुंडचे पाध्येसर म्हणजे गणिताचे मास्तर, रिटायर्ड. मुलगा नुकता नोकरीला लागला होता. आग्रा रोड ओलांडताना टेम्पोनं उडवला. केस तीन वर्षं चालली, मग समोरच्यांनी सेटलमेंटची ऑफर दिली. मुलाची तीस टक्के चूक मान्य करा, बाकीचं आम्ही महिन्याभरात देतो.

साहेबांनी सरांना बोलावून समजावलं. ऑफर वाईट नव्हती.

सरांनी चष्मा काढला. "तीस कसले?"

"तो पांढऱ्या पट्ट्यांवरून ओलांडत नव्हता, सर. पट्टे थोडे पुढे होते."

"ते कळलं. पण तीसच का? पस्तीस का नाहीत? अठ्ठावीस का नाहीत? कुठल्या पायरीला किती कापले, ते दाखवा."

साहेब म्हणाले, "तसं काही नसतं, सर. अंदाजानं ठरतं."

"अंदाजानं?" पाध्येसर उठलेच. "मी चाळीस वर्षं पेपर तपासले वकीलसाहेब, एक मार्क अंदाजानं कापला नाही!"

त्यानंतर आठ दिवस सर त्या नाक्यावर बसले. एका मेडिकलवाल्यानं त्यांना स्टूल दिलं होतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मांडीवर शाळेचं जुनं रजिस्टर. मी एकदा मुद्दाम बघून आलो. ऊन डोक्यावर, सर मान वर-खाली करत खुणा करतायत. डबा शेजारी तसाच.

नवव्या दिवशी सर ऑफिसात आले आणि रजिस्टर साहेबांच्या समोर उघडून ठेवलं. डावीकडे पट्ट्यांवरून गेलेले. त्यांचं अर्धं पानही भरलं नव्हतं. उजवीकडे बाकीचे. ते पानामागून पान, पानामागून पान, शेवटच्या पानापर्यंत!

"यात म्हाताऱ्या आहेत," सर म्हणाले. "शाळेची पोरं आहेत. एक हवालदार आहे, दोनदा. मला फक्त एवढं सांगा. ही सगळी माणसं रोज तीस टक्के मेलेली असतात का?"

साहेबांनी रजिस्टर मिटलं. सेटलमेंट झाली नाही. पुढे निकाल लागला, त्यात मुलाची चूक दहा टक्के धरली होती. कोर्टात दहा म्हणजे आमचा विजयच! साहेब खूश, मी खूश. सरांनी निकालाची कॉपी घेतली, शेवटच्या पानावर खाली लाल पेनानं दोन शब्द लिहिले आणि कॉपी परत माझ्या हातात दिली.

'तपासणी अमान्य.'

* * *

घाटकोपर स्टेशनबाहेर गंगारामकाका चपला शिवायला बसायचे. त्यांनी एक अपघात डोळ्यांनी पाहिला होता. साळवी नावाचा, कुठल्यातरी कंपनीतला शिपाई, बसखाली आला. काका आमचे साक्षीदार. माणूस कसा, विचारलं तेवढंच बोलणारा.

समोरचा वकील तरुण होता, इस्त्रीबाज. त्यानं उलटतपासणीत नवीनच मुद्दा काढला.

"साळवींची चप्पल त्या दिवशी सकाळी तुम्हीच शिवली होती ना?"

"व्हय."

"म्हणजे ती तुटकी होती."

"शिवाया आनली म्हंजी तुटलेली असनारच की."

कोर्टात थोडं हसू झालं. वकील लाल झाला. "आणि संध्याकाळी तीच चप्पल पुन्हा तुटली! अंगठ्याची शिवण सुटली, म्हणून साळवी अडखळले आणि स्वतःच बससमोर पडले. बरोबर?"

एवढा वेळ शांत असलेले काका ताठ झाले. "चप्पल हितं हाय का?"

चप्पल होती. साळवींच्या बायकोला ती पोलिसांकडून परत मिळालेली होती, आणि ती बाई प्रत्येक तारखेला पिशवीतून घेऊन यायची. का, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. तिनं पिशवी माझ्याकडे दिली, मी काकांकडे. काकांनी चप्पल काढून वकिलासमोर धरली.

"वढा, सायेब."

वकिलानं जज्जसाहेबांकडे बघितलं. जज्जसाहेब म्हणाले, "ओढा."

त्यानं एका हातानं ओढली. मग दोन्ही हातांनी. मग टेबलाला पाय लावून! कोट वर गेला, कपाळावर घाम आला. शिवण जिथल्या तिथे.

काकांनी चप्पल परत घेतली, हातानं पुसली.

"मानूस तुटला, सायेब. टाका न्हाय तुटला."

ऑफिसात मी साक्षीचं टिपण वाचून दाखवत होतो आणि रजनी इंग्रजीत टाइप करत होती. या वाक्यापाशी ती थांबली. "साहेब, टाक्याला इंग्रजीत काय म्हणतात ते माहितीय मला. पण हे वाक्य कसं लिहू?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "दोन ओळी जागा सोड," म्हणाले, "मी हातानं मराठीत लिहितो."

* * *

या धंद्याची एक सवय लागते. मी बायकोबरोबर बाजारात निघालो तरी मनात हिशेब चालू, आता रिक्षा आली तर आपले किती टक्के! रजनी तर नवऱ्याची कॉलर धरून रस्ता ओलांडायची. तो बिचारा पोस्टात साहेब होता!

पण टिपणीससाहेबांची तऱ्हा सगळ्यांत वरची. पट्टे असतील तिथेच ओलांडायचे, सिग्नल हिरवा झाला तरी दोन्ही बाजूंना चार-चारदा बघायचे, आणि एक जरी गाडी दूरवर दिसली तरी पुन्हा मागे! अंधेरीच्या नाक्यावर एकदा ते असेच पंधरा-वीस मिनिटं उभे होते. काळा चष्मा, हातात मिटलेली छत्री. ड्युटीवरच्या हवालदाराला काय वाटलं असेल? तो आला, साहेबांचा हात धरला, शिट्टी वाजवून दोन्हीकडची ट्रॅफिक थांबवली आणि म्हणाला, "चला बाबा, घाबरू नका. पुढे एक पायरी आहे, हां... आता सपाट आहे."

मी पलीकडच्या फुटपाथवरून बघत होतो. साहेब निमूटपणे त्याचा हात धरून, पाऊल चाचपडत आले!

हवालदार गेल्यावर मी म्हटलं, "साहेब, सांगायचं ना, मला दिसतं म्हणून!"

"अरे," साहेब म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कुणाला नीट पलीकडे नेताना बघितलं. मध्येच कशाला थांबवायचं?"

* * *

अंधेरीचा नाईक माझ्याच वयाचा होता. नवी स्कूटर, मागे बायको. वळणावर ट्रकची धडक बसली. तो वाचला, ती गेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती.

समोरच्यांचं म्हणणं, निम्मी चूक स्कूटरवाल्याची. त्याचं लक्ष पुढे नव्हतं. पुरावा काही नव्हता. ट्रकवाला पळून गेला होता, तो नंतर सापडला. बघणारं कुणी नाही. साहेबांनी साक्षीच्या आधी नाईकला पढवलं नाही, ते कधीच पढवायचे नाहीत. एवढंच म्हणाले, "विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे. जास्त बोलू नकोस."

समोरच्या वकिलानं अंधारात दगड मारावा तसा प्रश्न टाकला. "वळणावर तुम्ही मागे बघून बायकोशी बोलत होतात. खरं ना?"

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं, यार. एक शब्द!

"हो," नाईक म्हणाला.

साहेबांनी डोळे मिटले. समोरचा वकीलच गडबडला, त्याला हे अपेक्षितच नव्हतं. जज्जसाहेब पुढे झुकले. "काय बोलत होतात?"

"ती म्हणाली, हळू चालव." नाईकनं दोन्ही हातांनी कठडा धरला. "मी मागे बघून म्हटलं, हळूच चालवतोय."

लिहून घेणाऱ्या क्लार्कनं मान वर केली, पण त्याला पुढे लिहा म्हणून कुणी सांगितलं नाही.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर साहेब त्याला म्हणाले, "नाही म्हणाला असतास तर चाललं असतं रे. कुणाला कळणार होतं?"

"तिला," नाईक म्हणाला.

* * *

बोरिवलीच्या तारामावशी आमच्याच बाजूच्या, मालवणकडच्या. त्यांच्या नवऱ्याला टेम्पोनं उडवलं होतं. ड्रायव्हर होता इब्राहिम, चाळिशीचा, दाढीत नुकते पांढरे केस आलेले. प्रत्येक तारखेला दोघंही यायचे आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बाक एकच! पहिल्या तारखेला मावशी त्याच्याकडे पाठ करून बसल्या. दुसऱ्या तारखेलाही. एका मे महिन्यात मावशींना चक्कर आली. मी फाइली घेऊन आत होतो. इब्राहिम धावत जाऊन पाणी घेऊन आला. मावशींनी ग्लासाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि प्यायल्या.

त्यानंतर हळूहळू बोलणं सुरू झालं. ती मालवणी, तो हिंदी. त्याच्या मुलीला नववीत इंग्रजी जड जातं, हे मला मावशींकडूनच कळलं. मावशींची गुडघेदुखी कुठल्या तेलानं उतरते, हे इब्राहिमला ठाऊक! समोरचा वकील त्याला ओरडायचा, "तिथे कशाला बसतोस? ती आपल्या विरुद्ध आहे!" इब्राहिम म्हणायचा, "जी साब," आणि तिथेच बसायचा.

आणि एका तारखेला तो आलाच नाही. त्याची साक्ष व्हायची होती. तो नाही म्हणजे 'म्हातारा अचानक आडवा आला' हे सांगणारंच कुणी नाही. टिपणीससाहेब उठले, जज्जसाहेबांना म्हणाले, "साहेब, वेळोवेळी संधी देऊन झाली आहे. आता त्यांची साक्ष बंद करावी." जज्जसाहेबांनी मान डोलावली. आम्ही जिंकल्यातच जमा!

तेवढ्यात मागून मावशी उभ्या राहिल्या. "नको! तो येवंदे."

साहेब वळून कुजबुजले, "मावशी, बसा. तो नसला तर आपलाच फायदा आहे."

"तेका बरां नसात," मावशी म्हणाल्या. "तो चुकवचो नाय."

"अहो, पण तो तुमच्या विरुद्ध बोलणार आहे!"

"बोलू दे. ह्यांका शेवटचो बघितलेलो माणूस तोच एक आसा. त्येच्याशिवाय माका कोण सांगतलो?"

जज्जसाहेबांनी विचारलं, बाई काय म्हणतात? मी मालवणीचं मराठी करून सांगितलं. त्यांनी पुढची तारीख दिली.

पुढच्या तारखेला इब्राहिम आला. खरंच आजारी होता, काविळीनं पिवळा पडलेला. साक्षीला अजून वेळ होता. दोघं बाकावर बसले. मग मावशींनी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, मोडक्या हिंदीत. "वो कुछ बोला क्या?"

इब्राहिम जमिनीकडे बघत होता. "पानी माँगा, मौसी. मैंने पिलाया."

"पिया?"

"हाँ. दो घूँट."

मावशींनी मान हलवली. पदराच्या टोकानं त्याच्या खांद्यावरची धूळ झटकावी तसं काहीतरी केलं आणि म्हणाल्या, "बरां झालां."

त्या केसमध्ये कुणाचे किती टक्के धरले, ते मला खरंच आठवत नाही.

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

कदम नावाचे गृहस्थ मरोळला राहायचे, छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारे. घर रस्त्याला लागूनच, पहिल्या मजल्यावर. बसस्टॉप समोरच्या बाजूला. एका सकाळी कामाला निघाले, अर्धा रस्ता ओलांडला, आणि मध्येच गर्रकन मागे वळले. त्या बाजूनं येणाऱ्या ट्रकला थांबायला वेळच मिळाला नाही. ट्रक जोरात होता, हे सगळ्यांनी सांगितलं. पण सगळ्यांनी हेही सांगितलं की कदम रस्त्याच्या मधोमध अचानक वळले. का वळले, ते कुणालाच माहीत नव्हतं.

समोरचे म्हणाले, निम्मी चूक त्यांची. साहेब पाच वर्षं भांडले. कदमबाईंना त्यांनी अनेकदा विचारलं, "काही विसरले होते का? कुणी ओळखीचं दिसलं का? माणूस उगाच मागे वळत नाही हो. कारण मिळालं तर मला कोर्टाला सांगता येईल." बाई शाळेत शिवण शिकवायच्या. शांत, नेमकं बोलणाऱ्या. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "माहीत नाही."

निकाल लागला. कदमांची चूक पंचवीस टक्के. निम्म्यावरून पंचवीसवर! साहेब त्या दिवशी स्वतः खाली जाऊन चहा सांगून आले.

बाई निकालाची कॉपी न्यायला दुपारी आल्या. साहेबांनी त्यांना सगळं सावकाश समजावलं. कशाचे किती धरले, हातात काय येईल, किती दिवसांत येईल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहाला हात लावला नाही.

"म्हणजे ते पंचवीस टक्के त्यांच्याच नावावर राहणार?"

"कागदोपत्री, हो," साहेब म्हणाले. "पण त्याचा आता कुणाला काही त्रास नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"ते माझ्या नावावर करून मिळतील?"

साहेबांना वाटलं, त्या भरपाईबद्दल बोलतायत. "भरपाई तुमच्याच नावावर येणार आहे, बाई."

"भरपाई नाही. ते पंचवीस टक्के."

रजनीचं टायपिंग थांबलं.

"हाक मी मारली होती," कदमबाई म्हणाल्या. "गॅलरीतून. चष्मा विसरले होते ते. चष्म्याशिवाय त्यांना खिळे जुळवता यायचे नाहीत, छापखान्यात बोलणी बसायची. एवढ्या गाड्यांच्या आवाजात ऐकू जाईल असं वाटलं नव्हतं मला. एकदाच मारली. त्यांना ऐकू गेली."

चाळीस वर्षांची वकिली होती साहेबांची, पण ते टेबलावरचं पेन उचलत होते आणि परत ठेवत होते.

"इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" मीच विचारलं. विचारायला नको होतं.

"मुलगा कोर्टात यायचा ना बरोबर," बाई म्हणाल्या. "परवा तो नोकरीसाठी नाशिकला गेला." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "अर्ज कुठे करायचा असतो? तेवढं सांगा. लोकांसमोर वाचून दाखवलं ना त्यांच्या नावावर. ते रस्त्यावर असं करणारे नव्हते हो."

असा अर्ज कुठे करत नाहीत, तो कुणी घेतही नाही. हे साहेबांना माहीत होतं, मला माहीत होतं, रजनीला तर आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण रजनी उठली, मशीनमधला अर्धा झालेला कागद ओढून बाजूला ठेवला, कोरा कागद आणि पेन घेऊन बाईंच्या शेजारी येऊन बसली.

"सांगा," म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं लिहिते."

बाईंनी नाव सांगितलं, पत्ता सांगितला. त्या दिवशीची सकाळ सांगितली, चष्मा टीव्हीवर राहिला होता तेही सांगितलं. रजनी लिहीत गेली. एका ठिकाणी बाईंनी वाकून कागदावर बघितलं आणि हळूच तिच्या हातावर हात ठेवला.

"इथे 'ओरडले' असं लिहू नका," त्या म्हणाल्या. "हाक मारली, असं लिहा. मी त्यांच्यावर कधी ओरडले नाही."